अमॅरिलिसच्या कुंड्या, निशिगंधाचा वाफा आणि मासळीची बरणी : वर्षभराची नोंद

सप्टेंबर २०२४

अमॅरिलिस या फुलझाडाचा एक कांदा अर्धा कुजलेला निघाला. फेकण्याआधी सहज विळीवर उभा चिरला. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या काळ्या, बुळबुळीत; आतल्या मात्र पांढऱ्याशुभ्र, खाण्याच्या कांद्यासारख्याच एकीवर एक. मधोमध, बुडाच्या चकतीला चिकटून, नखाएवढी चपटी पिवळसर कळी. एप्रिलात उमलायची ती कळी सप्टेंबरातच आत तयार बसलेली! आईने विळी दोनदा घासून घ्यायला लावली आणि तिचं बरोबरच होतं, हा कांदा विषारी असतो. पण त्या कळीने माझं खताचं वेळापत्रकच उलटंपालटं केलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर कोकणात, आंजर्ल्यात, मागे आगर, म्हणजे नारळी-सुपारीची बाग. २०२०च्या ३ जूनला ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ आलं आणि आगरातल्या निम्म्याअधिक सुपाऱ्या नि नऊ माड आडवे झाले. दोन वर्षं तिकडे बघवत नव्हतं. पण जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे दिवसभर ऊन यायला लागलं, म्हणून निशिगंध लावला. अमॅरिलिस त्याच्या आधीपासूनच होते, पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कुंड्यांमध्ये. (आपण ज्याला अमॅरिलिस म्हणतो ते खरं हिप्पेस्ट्रम, दक्षिण अमेरिकेतलं, खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेची. पण रोपवाटिकेत हिप्पेस्ट्रम मागून बघा, मालक तुमच्याकडेच बघत राहील.)

चौदा कुंड्या. गेल्या एप्रिलात दांडे आले पाच. बाकी नुसती पात.

चूक कुठे होती ते आता कळतंय. सगळीकडे सांगतात की फूल गेलं की दांडा कापा, पानं ठेवा आणि पानांना खत घाला, कारण पानंच कांदा भरतात. सल्ला सोळा आणे खरा. पण आमच्याकडे फूल जातं मे महिन्यात आणि पानं जोर धरतात ती जून-जुलैत. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मी इमानेइतबारे जूनमध्ये गांडूळखत घालायचो, ते पागोळ्यांबरोबर खळ्यातून वहाळात आणि वहाळातून खाडीत. खाडीतल्या तिवरांना माझ्या खताचा चांगला फायदा झाला असावा.

म्हणून यंदा ठरवलं, मुख्य जेवण पावसाच्या शेवटाला. सप्टेंबरच्या मध्यापासून पाऊस सैल पडतो, पानं अजून हिरवी असतात, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. कांद्याला भरायला यापेक्षा चांगले सहा आठवडे कोकणात मिळत नाहीत.

ऑक्टोबर २०२४

दसऱ्याला कुंड्यांचे तीन गट केले. पहिला थर सगळ्यांना सारखाच, वरची दोन बोटं माती काढून तिथे मुरलेलं शेणखत. मुरलेलं म्हणजे हातात घेतल्यावर मातीचा वास येणारं. ताजं शेण कांद्याला लागलं की कुजलाच म्हणून समजा.

पहिल्या चार कुंड्या: नुसतं गांडूळखत, दर पंधरा दिवसांनी दोन मुठी.

पुढच्या पाच: गांडूळखत एक मूठ, एक चमचा निंबोळी पेंड, आणि सुरुवातीला एकदाच एक मोठा चमचा बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. बोनमील मुद्दाम, कारण या कुंड्यांत सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची तांबडी माती आहे. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, मुळांना सहज देत नाहीत. माती आंबट असल्याने बोनमील मात्र तिच्यात हळूहळू विरघळतं. महिनाभराने चिमूटभर चुलीची राख, पालाशासाठी (पोटॅशसाठी). राख आणि ताजं शेण किंवा मासळी एकत्र मिसळू नका. अमोनिया उडून जातो, आणि तो उडाल्याचं नाकाला लगेच कळतं.

शेवटच्या पाच कुंड्यांना गांडूळखत आणि मासळीचं पाणी.

या मासळीच्या पाण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. हर्णै बंदरावरून बांगड्यांची मुंडकी नि आतडी आणली, किलोभर. तेवढाच गूळ चिरून घेतला. प्लास्टिकच्या बरणीत एक थर मासळी, एक थर गूळ. बरणी पाऊण भरायची, झाकण सैल ठेवायचं, सावलीत पंचवीस-तीस दिवस. मी झाकण घट्ट लावलं. चौथ्या दिवशी पडवीत फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. भिंतीवर तपकिरी ओघळ, आणि खाली शेजारच्यांची दोन मांजरं आधीच हजर. आई बाहेर आली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "घरात कालवणाला मासळी नाय, नि ह्याच्या कांद्यांना नैवेद्य!" भिंत मीच पुसली. बरणी आता विहिरीपलीकडे असते.

महिन्याने गाळून घेतलं तेव्हा वास बराच निवळला होता. आंबटगोड, काकवीला मासळीचा हात लागल्यासारखा. लिटरभर पाण्याला तीन मिलिलिटर, पंधरा दिवसांनी एकदा, माती ओली असताना. तयार व्हायला नोव्हेंबर उजाडल्यामुळे तीनच पाळ्या देता आल्या.

डिसेंबर–फेब्रुवारी

सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबरच्या मध्यात खत बंद, जानेवारीपासून पाणी जवळजवळ बंद. पानं पिवळी पडून आपोआप गळली. कुंड्या पडवीच्या कोपऱ्यात. येणारेजाणारे विचारायचे, "मेली का?"

एप्रिल २०२५

निकाल. नुसतं गांडूळखत असलेल्या चार कुंड्यांत तीन दांडे. पेंड-बोनमीलच्या पाचांत सहा. मासळीच्या पाचांत सात, त्यातल्या एका दांड्यावर पाच फुलं. एकूण सोळा, गेल्या वर्षी पाच होते.

मासळी जिंकली असं म्हणायला मी तयार नाही. त्या पाच कुंड्या पूर्वेच्या पायरीवर होत्या, त्यांना सकाळचं ऊन तासभर जास्त मिळालं. माझ्या मते खरा फरक वेळेने पाडला, कारण नुसत्या गांडूळखतावरच्या कुंड्यांनीही गेल्या वर्षापेक्षा बरं केलं.

पेंड-बोनमीलवाल्या एका कुंडीने मात्र दांडाच दिला नाही. पानं हातभर लांब, काळपट हिरवी, लुसलुशीत. कारण मला ठाऊक आहे. तेलाच्या घाण्यावरून आणलेली शेंगदाणा पेंड उरली होती, ती मी लाडाने तिला जास्तीची घातली. शेंगदाणा पेंडीत नत्र (नायट्रोजन) भरमसाट. नत्र जास्त झालं की कांदा नुसती पात वाढवत बसतो, फुलाचं नाव काढत नाही.

पानांचा हिशेब सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. हिप्पेस्ट्रममध्ये साधारण चार पानांमागे एक दांडा धरतो. एका मोसमात तीनच पानं आली तर पुढच्या वर्षी फुलाची आशा कमी. म्हणून मी आता फुलं कमी आणि पानं जास्त मोजतो.

मे २०२५

यंदा पावसाने फसवलं. २० मेपासूनच धोधो सुरू झाला आणि २५ मेला मॉन्सून देवगडला पोचलादेखील. पावसाआधी निंबोळी पेंडीची एक पाळी देऊन ठेवायचा बेत होता, तो वाहून गेला. कुंड्या भराभर पडवीखाली घेतल्या. फुटबॉल लिलीला मात्र आनंद. सहाही कंदांनी एकाच आठवड्यात लाल चेंडू वर काढले. तिला मी वर्षातून एकदा मूठभर शेणखतापलीकडे काही देत नाही.

निशिगंध

आता वाफ्याचं. इथे माती वेगळी आहे. आगरात वाळू आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा, त्यामुळे पाणी ठरत नाही, कांदे कुजत नाहीत. पण खतही ठरत नाही.

२०२२ साली पहिल्यांदा लावला तेव्हा आजोबांच्या पद्धतीने कुटी घातली, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी, ती माडांना घालतात तशी. आळ्यात खोल पुरली असती तर निभावलं असतं, मी घातली चार बोटांवर. रात्रीत कुत्र्यांनी सगळा वाफा उकरला. सकाळी कांदे वेचत फिरलो, काही थेट गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाबाहेर सापडले. तेव्हापासून वाफ्यात मासळी फक्त पाण्यातून.

यंदा २० एप्रिलला चाळीस कंद लावले, प्रज्वल जातीचे. याच्या कळीला गुलाबी झाक असते. अंगठ्याएवढे जाड तेवढेच निवडले, बारीक वेगळ्या ओळीत, ते या वर्षी फुलणार नाहीत. खाली शेणखत आणि कुजलेला पातेरा (पालापाचोळा), म्हणजे खत धरून ठेवायला काहीतरी असावं. त्यावर निंबोळी पेंड. पालाशासाठी केळीच्या खुंटाचे तुकडे ओळींमध्ये पुरले, राख नाही, कारण शिंपल्याच्या मातीत आधीच चुना आहे.

बोनमील आईने बजावून नाकारलं. ही फुलं आंजर्ल्याच्याच कड्यावरच्या गणपतीच्या देवळात जातात, त्यांच्या मुळाशी हाडं नकोत. मासळीचं पाणी चालतं, हाडं चालत नाहीत. हे शास्त्र मला अजून उमगलेलं नाही, पण वाद घातला नाही. चुन्याच्या मातीत बोनमील विरघळत नसल्यामुळे देवाचं नुकसान काहीच होत नव्हतं.

पावसात खत एकदम न घालता, उघडीप मिळाली की मूठमूठ. जून ते ऑगस्टमध्ये अशा पाच उघडिपी हाती लागल्या. पहिला दांडा ३० जुलैला. २७ ऑगस्टच्या चतुर्थीपर्यंत चाळीसांपैकी बावीस कंद दांड्यावर. त्यातले चार वाऱ्याने मोडले, काठ्या लावायचा आळस केला होता.

याच काळात गडग्यावर कळलावी फुलली होती, तांबडी-पिवळी, दृष्ट लागेल अशी. तिला खत कोण घालतंय? पातेरा आणि दगडातली माती, बस्स.

१४ ऑक्टोबर २०२५

अमॅरिलिसची पानं मोजली. एक कुंडी सोडून सगळ्यांना पाच किंवा त्याहून जास्त, दोघींना आठ. पेंडीने बिघडलेल्या कुंडीला यंदा फक्त राख आणि थोडं बोनमील दिलं आहे. गट या वर्षी बदलले, मासळी पश्चिमेच्या कुंड्यांना आणि पूर्वेच्यांना पेंड, म्हणजे उनाची शंका फिटेल.

मासळीच्या नव्या बरणीतलं पाणी काल गाळायला घेतलं तर निम्मंच उरलं होतं. चौकशी केली. आईची अबोली अचानक एवढी कशी भरली ते समजलं.