रविवारचं चिकन आणि आईंचा शनिवार

बुधवार, रात्री अकरा

रविवारचं अजून डोक्यातून जात नाहीये.

चिकन छान झालं होतं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की काहीतरी बिघडलं होतं. धाकट्याने पहिला घास घेतला तेव्हा कातडीचा कुर्रकन आवाज टेबलाच्या पलीकडे बसलेल्या भाऊजींनाही ऐकू गेला. आतलं मांस रसदार, हाडावरून अलगद सुटत होतं. जाऊबाईंनी सोमवारी सकाळीच कृती मागितली, ती अजून पाठवली नाहीये मी. कारण कृती लिहायला बसले की मला संध्याकाळचे साडेपाच आठवतात.

साडेपाचला आई स्वयंपाकघरात आल्या. पदर खोचलेला, बाह्या जरा वर सारलेल्या. ओट्यावर काहीच नव्हतं. मिक्सर कपाटात, गॅस बंद, खोबऱ्याची वाटी नाही की कांद्याची सालं नाहीत. कोपऱ्यात ओटीजी ओव्हनचा लाल दिवा तेवढा लागलेला.

"मी काय करू?"

"काही नाही आई, सगळं झालंय. तुम्ही बसा आरामात."

त्यांनी मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. फडकं घेऊन ओटा पुसला, पुसलेलाच होता तो. मग खोचलेला पदर सोडला, खांद्यावर नीट केला आणि बाहेर दिवाणावर जाऊन बसल्या. मुलं टीव्ही बघत होती, त्याही बघत बसल्या.

एवढंच घडलं. कुणी कुणाला काही बोललं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. मग हे मला का टोचत राहिलंय?

आधी तर मला रागच आला होता. इतकी वर्षं सगळे जमायचे ते रविवार मी वाटणाच्या वासाच्या केसांनी काढलेत. दुपारी चारपासून ओट्याशी उभी, जेवायला शेवटच्या पंगतीत, तोवर रस्सा कोमट आणि भाकरी वातड झालेली, आणि सोमवारी सकाळी साडेआठची बस. "बस आरामात" असं मला त्या घरात कधी कुणी म्हणालेलं आठवत नाही. ह्या रविवारी पहिल्यांदा मी ओव्हन लावून हात धुतले आणि बाहेर येऊन बसले. साडी नेसले होते चांगली. जाऊबाईंशी शांतपणे बोलता आलं, त्यांच्या बदलीचं, ते दुसरंही. आणि त्या तासाभरात माझं निम्मं लक्ष दिवाणावर. तेवढं सुखही मला धड घेता येऊ नये? माझ्या वाट्याला एक तास आला, तोही असा.

"बसा आरामात" मी मनापासूनच म्हटलं होतं. त्यांच्या गुडघ्यांचं झाल्यापासून डॉक्टरही तेच सांगतायत.

आता कृतीबद्दल. सोपी आहे हे खरंच. चिकन कातडीसकट लागतं, आणि तेवढ्यासाठी दुकानात आधी सांगून ठेवावं लागतं, कारण आपल्याकडे न विचारताच सोलून देतात. कातडी ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात, सोलणं त्याहून झटपट होतं. मी नुसत्या तंगड्या आणल्या. कागदाने टिपून टिपून अगदी कोरड्या केल्या. किलोला चहाचे दोन चमचे बेकिंग पावडर, दीड चमचा मीठ, थोडी मिरपूड आणि रंगापुरतं काश्मिरी तिखट. खायचा सोडा घालायचा नाही, त्याने साबणासारखी चव येते. आलं-लसणाचं वाटण नाही, दही नाही, लिंबू नाही. ओलं असं काहीच नाही. मग जाळीवर मांडून, वर काही न झाकता, रात्रभर फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे दुसऱ्या कशावर थेंब पडायला नको.

ह्यातली गंमत कोरडेपणात आहे. कातडीत पाणी आहे तोवर ती १०० अंशांच्या फार पुढे तापतच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. खरपूस रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. वाटणाचा कांदा भाजताना तांबूस होऊन वास सुटतो, त्यातही हाच प्रकार असतो. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याबद्दल लिहिलं, म्हणून त्या क्रियेला त्याचं नाव पडलं. बेकिंग पावडरने कातडीतली आम्लता कमी होते आणि रंग लवकर धरतो. २२० अंशांवर पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचं. जाळीखालच्या ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी, वरून ठिबकणारी चरबी त्या पितात आणि धूरही होत नाही. थर्मामीटरची सुई हाडाजवळ खुपसून ७४ अंश दिसले की खायला सुरक्षित, पण तंगडी ८० च्या पुढे जाऊ दिली तर जास्त चांगली लागते, सांध्याजवळचं चिवट सगळं मऊ होतं. तेलाचा एक थेंब नाही.

आणि शेवटपर्यंत चाखायला काही नाही. ओव्हनचं दार लावलं की मधलं उलटणं सोडलं तर ते पाऊण तासानेच उघडायचं. मुलं दोनदा काचेतून डोकावून गेली. तोवर ते कच्चंच असतं, कुणाला काय देणार?

आईंच्या रश्श्याचा रविवार चारला सुरू होतो. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून सरळ गॅसवर. ती पेट घेते, मग त्या फुंकर मारून विझवतात आणि पुन्हा धरतात. कांदे सालासकट आचेवर, बाहेरून काळेकुट्ट होईपर्यंत. तीळ, खसखस, धणे कोरडे भाजून. स्टुलावर बसून त्या सांगणार आणि मिक्सरशी मी: "अजून फिरव. अजून. बोटाला लागतंय बघ." मसाला पडायच्या आधी हळद-मिठात शिजलेल्या चिकनचं आळणी वाट्यांमध्ये गाळून पोरांना. तेव्हा दारात गर्दी होते. कलेजी कुणाची ह्यावरून भांडण. भाऊजी भाकरीचा तुकडा घेऊन उभेच. प्रत्येकाच्या तळहातावर रश्श्याचा थेंब, "मीठ बघ रे." आणि आयत्या वेळी कुणी आलंच तर दोन तांबे पाणी वाढतं, कुणाला कळतही नाही. तंगड्या मी मोजून आणल्या होत्या. नऊ माणसं, चौदा तंगड्या. आईंच्या स्वयंपाकात मी कधी कुणाला मोजताना पाहिलेलं नाही.

जेवताना कुणी रश्श्याचं विचारलं नाही. नाना असते तर त्यांनी बसल्या बसल्या विचारलं असतं, "रस्सा कुठाय?" आणि सगळं हसण्यावारी गेलं असतं. आपण आता एकमेकांना फार सांभाळून घेतो.

आईंनी कातडी बोटांनी सोडवून धाकट्याच्या ताटात ठेवली आणि मांस खाल्लं. हाड उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, "चांगलं शिजलंय. आमच्या गावची कोंबडी अशी भाजून कुणाला चावता आली नसती." ते खरंच आहे. गावरान कोंबडी महिनोन्‌महिने रानात पळलेली, तिला मंद आचेवर तास-दीड तास शिजवल्याशिवाय ती मऊ होत नाही. म्हणून तिचा रस्सा. हा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दुकानात येतो, कोवळा, पाऊण तासात होतो. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी वाक्य पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय, नव्हता.

मग टोचतं ते काय? त्यांना वाईट वाटलं हे? की त्यांना वाईट वाटलं असं मला वाटतं आणि विचारायची सोय नाही हे? आज्जींच्या हातून रश्श्याचा पळा त्यांच्याकडे किती उशिरा आला, ते मला ठाऊक आहे. तोवर त्यांनी ह्याच घरात किती वर्षं नुसते कांदे सोलले, तेही. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, मीही लिहीत नाही. पण मी त्यांच्या हातातून काही काढून घ्यायला हे चिकन केलं नव्हतं. सोमवारी नऊला मीटिंग होती म्हणून केलं होतं.

हे दोन दिवस असंच. कधी त्यांची बाजू घेते, कधी माझी.

आज संध्याकाळी फ्रीजचा खालचा कप्पा धुवायला काढला. तिथे तिखटाचा लाल डाग पडलाय. तो घासताना शनिवारची रात्र आठवली. मी तंगड्या मांडत होते तेव्हा आई पाण्याला आल्या होत्या. जाळी बघितली आणि दारातच थांबल्या. "उघडंच ठेवणार?" "हो, तसंच ठेवायचं असतं." "मग माझं विरजण बाहेर काढून दे." मी दिलं. ते घेऊन त्या गेल्या, आणि सकाळी अंघोळ होईपर्यंत त्यांनी फ्रीजला हात लावला नाही.

शनिवार होता! आई शनिवारी मांसाला शिवत नाहीत, मारुतीचा वार. आणि ह्या चिकनचं जे काही काम आहे, टिपणं, मीठ-तिखट चोळणं, जाळीवर मांडणं, ते सगळं आदल्या रात्रीचं आहे. रविवारी उरतं ते ओव्हनचं बटण. म्हणजे त्यांच्या वाट्याला काम नव्हतं असं नाही. होतं, पण ते त्यांच्या वारात पडलं होतं. रविवारी पदर खोचून त्या आल्या तोवर ते उरकलं होतं.

हे लक्षात आलं आणि कप्पा हातात धरून मी तिथेच फरशीवर बसले. हलकं वाटलं, खरंच. कारण गुडघे, सासू-सून, आज्जी, पळा ह्यातलं काही माझ्याच्याने सुटणारं नव्हतं. वार बदलता येतो.

जेवणं झाल्यावर त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून एक जुडी घेतली.

"आई, पुढच्या वेळी चिकन रविवारी सकाळी आणूया का? आठला दुकान उघडतं. संध्याकाळी सहापर्यंत नऊ-दहा तास मिळतात, तेवढ्यात कोरडं होतं."

"होतं?"

"रात्रभराइतकं नाही, पण होतं."

त्या काही वेळ देठ खुडत राहिल्या.

"मग मीठ कोण लावणार?"

"तुम्ही लावा. तुमचा हात सगळीकडे सारखा लागतो."

"आणि हळद?"

"त्यात हळद नसते, आई."

"हळद लावल्याशिवाय मांस घरात ठेवत नाहीत." हे त्यांनी असं सांगितलं की पुढे बोलायला जागाच नव्हती. मीही बोलले नाही. कोरडी चिमूटभर हळद कुरकुरीतपणाच्या आड येत नाही. रंग थोडा पिवळट येईल, येऊ दे.

मग स्वतःहूनच म्हणाल्या, "नुसत्या तंगड्या कशाला आणतेस? अख्ख्या आण दोन. पाठी नि माना वेगळ्या काढ, पोरांना आळणी होतं. ह्या वेळी नव्हतं, थोरला विचारत होता मला."

मला विचारलं नव्हतं त्याने. आजीला विचारलं.

तर आता अख्ख्या दोन कोंबड्या. आळणी आलं की मागोमाग थोडा रस्साही येणार, हे मला स्पष्ट दिसतंय, आणि त्याचं मला आज तितकं ओझं वाटत नाहीये. तंगड्या ओव्हनमध्ये आणि रस्सा छोट्या पातेल्यात, एवढं जमेल. वाटण शनिवारीच करून ठेवता येतं, त्यात मांस नसतं, आईंनाही चालतं. त्या खोबरं भाजतील. पण मिक्सरशी ह्या वेळी मी उभी राहणार नाही. दोघा भावांपैकी एकाने राहायचं, आणि "अजून फिरव" ऐकायचं. हे मी उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगणार आहे, आईंसमोरसुद्धा.