रँग्लरांच्या गावात एक रात्र

"केंब्रिज ना? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, मावशी," भाची म्हणाली. तिचं चूक नव्हतं. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून वेगवान गाडी पन्नासेक मिनिटांत पोचवते. पण एक रात्र तिथे राहायचंच, यावर मी अडून बसले.

पुण्यात मी तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना आमच्या घरी आजोबा कधी नावाने संबोधत नसत. "र्‍यांग्लर परांजपे", असा जुन्या वळणाचा उच्चार. लहानपणी मला ते त्यांचं पाळण्यातलं नावच वाटायचं. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेल्या या मुलाने १८९९ साली तो मान मिळवला, भारतीयांत पहिल्यांदा. केंब्रिज मला फक्त नदीतून होडीने पाहून परतायचं नव्हतं.

बेत आखताना पहिला प्रश्न खर्चाचा नव्हता, तारखांचा होता. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना दार बंद करतात. सुट्टीत कॉलेजांच्या खोल्या भाड्याने मिळतात, ही मोठी सोय, पण तेव्हा किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये कॉलेजचा गायकवृंद गात नाही. मला गाणं हवं होतं, म्हणून सत्र सुरू झाल्यानंतरचा ऑक्टोबर धरला आणि खोली मिल रोडच्या बाजूला घेतली. गावाच्या मध्यापेक्षा तिकडे दर बरे होते आणि रस्त्यावर देशोदेशीची वाणसामानाची दुकानं. मंगळवार-बुधवार निवडले, कारण सोमवारी फिट्झविल्यम म्युझियम बंद असतं. स्टेशनपासून गावाचा मध्य दोनेक किलोमीटर आहे. बस मिळते, पण सामान थोडं असेल तर चालतच जावं.

दुसऱ्या दिवसाचं आधी सांगते. सकाळी सेंट जॉन्स कॉलेज पाहिलं, १५११ साली स्थापन झालेलं, परांजप्यांचं. दारावरच्या चितारलेल्या कोरीव प्राण्यांखालून तेही रोज गेले असतील, या विचाराने मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. शेजारी ट्रिनिटी कॉलेज. दाराजवळ सफरचंदाचं एक छोटं झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाच्या वंशातलं म्हणतात. आतल्या रेन ग्रंथालयात न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाची त्याची स्वतःची प्रत आहे, आणि रामानुजनची हरवलेली वही १९७६ साली याच ग्रंथालयात सापडली. पर्यटकांसाठी ते दिवसातला थोडाच वेळ उघडं असतं, वेळा आधी पाहूनच जावं. फिट्झविल्यम म्युझियमला प्रवेश फुकट. पण मला त्याच्या समोरच्या फुटपाथवर थांबायचं होतं. जयंत नारळीकर १९५७ मध्ये इथे आले, तेव्हा त्यांचं कॉलेज, फिट्झविल्यम हाऊस, याच ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होतं. ते नंतर हंटिंग्डन रोडला गेलं. नारळीकरांचे वडील रँग्लर, मुलगाही रँग्लर. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा पुण्यात किती घरांतून आपलं माणूस गेल्यासारखी हळहळ झाली! भाचीला मी फुटपाथवरच त्यांच्याबद्दल सांगत बसले. तिने मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

आता पहिला दिवस. पंटमधून, म्हणजे लांब बांबूसारख्या दांड्याने रेटायच्या सपाट होडीतून, नदीवरून कॉलेजांची मागची बाजू दिसते. ती चुकवू नये. पण माझा जीव अडकला तो क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलात. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून तो फुकट आणि मनसोक्त पाहता येतो. डोळ्यांना कमान दिसते, पण त्या कमानीत एकही लाकूड वाकवलेलं नाही. सरळ वासे वर्तुळाच्या स्पर्शिकांसारखे एकापुढे एक तिरपे होत जातात आणि त्यांतून गोलाई तयार होते. मुलांना स्पर्शिका शिकवताना मी फळ्यावर पट्टीने रेघा मारत असंच वर्तुळ उमटवायची. पट्टी सरळच, वर्तुळ कुठून आलं, असं मुलं विचारायची. इथे कुणीतरी लाकडात उत्तर देऊन ठेवलंय! न्यूटनने तो खिळ्यांशिवाय बांधला, ही गोष्ट खूप ऐकू येते. पूल १७४९चा, न्यूटन वारला १७२७ मध्ये. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधला जेम्स एसेक्सने. १८६६ आणि १९०५ मध्ये त्याच घाटाने पुन्हा उभारला. खऱ्या कारागिरांची नावं तरी आपण घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

साडेपाचच्या सायंप्रार्थनेसाठी आम्ही पाऊण तास आधी रांगेत उभे राहिलो. चॅपेल बघायला दिवसा तिकीट असतं, प्रार्थनेला नाही. सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये पाया घातला आणि पुढे सत्तर वर्षं राजे बदलत गेले, काम थांबत-सुरू होत राहिलं. छत मात्र जॉन वास्टेलने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत पुरं केलं. खांबांतून दगडी पंखे उलगडत वर जातात आणि मध्यावर एकमेकांना भिडतात. बाहेर उजेड मावळत होता, रंगीत काचा काळवंडत होत्या, आणि मेणबत्त्यांच्या प्रकाशात मुलांचे आवाज त्या छताकडे चढत होते. शब्द मला सगळे कळले नाहीत. पहाटेच्या काकडआरतीला देवळाच्या गाभाऱ्यात आवाज जसा भरून राहतो, तसा तो भरून राहिला होता. शेजारी भाचीने माझा हात धरला होता.

बाहेर आलो तेव्हा दिवसभराच्या सहली निघून गेल्या होत्या. किंग्ज परेडवर सायकलींचे दिवे आणि तुरळक विद्यार्थी. चॅपेलला लागूनच सेनेट हाऊस आहे, १७३० साली पुरी झालेली पांढऱ्या दगडाची इमारत. गणिताचा निकाल इथे मोठ्याने वाचून दाखवत असत. १८९९ मध्ये इथेच पहिल्या क्रमांकावर, दुसऱ्या एकाच्या बरोबरीने, परांजप्यांचं नाव आलं. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा, पुढे इथे फेलो झाला आणि मग फर्ग्युसनचा प्राचार्य.

फाटक बंद होतं. आम्ही कुंपणाच्या गजांना धरून उभ्या राहिलो. मग मी आजोबांच्या उच्चारात, जरा मोठ्यानेच, म्हणाले, "र्‍यांग्लर परांजपे."