पंख्याचा कपॅसिटर आणि तार षड्ज

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांच्या, हेडफोन अँपमध्ये गाणं एका टोकाने आत शिरून कानात पोचेपर्यंत त्याला वाटेत मोजून चार वस्तू भेटतात. आवाज कमीजास्त करायचा पॉट, मग एक छोटी नळी, मग एक मोठी नळी आणि शेवटी एक कपॅसिटर. संपलं. आत बाकी जे काही लटकलेलं दिसतं ते सगळं या चौघांना वीज पुरवायला. निदान माझ्याकडे जो आहे त्यात तरी असंच आहे, बॉटलहेड क्रॅक नावाचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली एक छोटी कंपनी त्याचं किट विकते, म्हणजे नळ्या, तारा, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि एक जाडजूड मॅन्युअल येतं, सोल्डरिंग आपण करायचं. पीसीबी, म्हणजे छापील सर्किटची पाटी, नाही, एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर तारा ओढायच्या, त्यामुळे उलटा करून बघितला की कुठली तार कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं.

आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मोबाईलमधलं काही बदलावं असं कुणाच्या मनात येत नाही कारण आत काय आहे ते दिसतच नाही. इथे चारच वस्तू आहेत आणि चारही दिसतायत, मग प्रत्येकीकडे बघून वाटतं की ही जरा बरी असती तर? अपग्रेडचा किडा वगैरे लोक म्हणतात, पण मला वाटतं दोष किड्याचा नाही, आत काय आहे ते उघडं दिसतं याचा आहे.

नळ्या बदलणं सगळ्यात सोपं, कारण त्याला सोल्डरिंगचं आयर्नसुद्धा तापवावं लागत नाही, जुनी उपटायची आणि नवी खोचायची (अँप बंद करून आणि थंड होऊ देऊन, नाहीतर बोटांना कळतंच). छोटी नळी म्हणजे १२एयू७, युरोपात तिलाच ईसीसी८२ म्हणतात. हिचे इतके अवतार आहेत की त्यात माणूस हरवून जातो. अमेरिकन लष्कराची ५८१४ए, ब्रिटिश लष्करासाठीची मुलार्डची सीव्ही४००३, बुडाशी काचेत चौकोनी खूण असलेली टेलिफुंकन, आणि आजही नवीन बनणाऱ्या स्लोव्हाकियाच्या जेजे. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओच्या नळ्या बनवल्या, फिलिप्सच्या तंत्रावर, आणि आपल्या घराघरातले जुने रेडिओ त्यावर बोलले. बीईएलचा शिक्का असलेल्या नळ्या जुन्या बाजारात अजून सापडतात. घेताना काचेच्या आतला तो आरशासारखा चंदेरी डाग बघायचा. तो बेरियमचा असतो, आत राहिलेली हवा खाऊन टाकायला ठेवलेला. डाग पांढरा पडला असेल तर नळीत हवा शिरलीय, शोभेला ठेवायची. आणि बसवल्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून बघायची, काही नळ्या इतक्या हळव्या असतात की ती टिचकी हेडफोनमध्ये टण्णकन ऐकू येते.

मोठ्या नळीची गोष्ट मला जास्त आवडते. ती ६०८०, म्हणजे ६एएस७ची दणकट आवृत्ती. ही मुळात गाण्यासाठी बनलेलीच नव्हती. पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवायचं, एवढंच तिचं काम, थोडक्यात लष्करी आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या पोटात बसलेली हमाल. पण ती भरपूर करंट देते आणि तिचा स्वतःचा रेझिस्टन्स इतर नळ्यांच्या मानाने फारच कमी, त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर न लावता थेट ३०० ओहमचा हेडफोन चालवायला ती बरोब्बर जमते हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हमालाच्या हातात तंबोरा आला. आता हिच्यातही उच्चकुलीन नातेवाईक निघालेत. टंगसोलची ५९९८ म्हणून एक आहे, तिचा भाव बघितला की वाटतं या पैशात अख्खा दुसरा अँप येईल. नळीने आवाज बदलतो का? थोडा बदलतो, कारण गेन (आवाज किती पट मोठा होतो ते) बदलतो, डिस्टॉर्शन (मूळ सुरात मिसळणारी भेसळ) बदलतं, हे मोजता येतं. पण लोक ज्या तपशिलात वर्णनं करतात, की मुलार्डमध्ये गायिकेने श्वास घेतलेला कळतो आणि आरसीए कंपनीच्या नळीत कळत नाही, तिथे मी हात जोडतो.

खरी मजा कपॅसिटरची. मोठ्या नळीच्या कॅथोडवर, म्हणजे जिथून गाणं बाहेर पडतं त्या टोकावर, गाण्याबरोबर चांगलं शंभरच्या आसपास डीसी व्होल्टेजही बसलेलं असतं, ते हेडफोनमध्ये गेलं तर हेडफोनचा निकाल लागेल, म्हणून मध्ये कपॅसिटर, डीसी अडवायचं आणि गाणं सोडायचं. कंपनी तिथे १०० मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरचं माप) इलेक्ट्रोलिटिक देते. आता जाणकारांमध्ये इलेक्ट्रोलिटिकला काही मान नाही, आत ओला रसायनाचा लगदा, वर्षानुवर्षं उष्णतेत सुकत जातो, वगैरे. हे खोटं नाही, अँप तापतो आणि इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य उष्णतेने कमी होतं, दहा अंश कमी तापमानात ठेवला की आयुष्य साधारण दुप्पट असा ठोकताळा आहे. तेव्हा म्हणे फिल्म कपॅसिटर लावा, आत प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेला. पण फिल्ममध्ये १०० मायक्रोफॅरड म्हणजे वस्तू केवढी होते तर तांब्याएवढी, आणि असे दोन, एक डावा एक उजवा. बाहेरून ऑडिओसाठी म्हणून मागवायचे तर पॉलिप्रॉपिलीनचे, वर सोनेरी अक्षरं, आणि किंमत घरात सांगता येणार नाही अशी.

तर आपल्या घरातल्या प्रत्येक पंख्याच्या वरच्या वाटीत जो अडीच किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा पांढरा कपॅसिटर असतो ना, जो गेला की पंखा मरगळतो आणि आपण इलेक्ट्रिशियनला फोन करतो, त्याच्या आतसुद्धा तीच पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. आणि पाण्याच्या पंपाला लागतो तो त्याचाच थोरला भाऊ, ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट, अॅल्युमिनियमच्या डब्यात. दोन समांतर जोडले की झाले शंभर. परदेशातही हौशी लोक मोटर रनचे कपॅसिटर अँपमध्ये लावतात, ही काही माझी अक्कल नव्हे. पुण्यात तपकीर गल्लीत पंपाच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि पन्नासचे चार मागितले.

"किती एचपीची मोटर आहे साहेब?"

"मोटर नाहीये, हेडफोनला लावायचेत."

दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं. "हेडफोनला एवढा? सबमर्सिबल आहे का?" मग त्याने आतल्या मुलाला हाक मारून सांगितलं, दे रे यांना, आणि मला म्हणाला, "चालला नाही तर वापस नाही घेणार हां, आधीच सांगतो."

चालले. पण आवाजात फरक किती पडला म्हणाल तर इथे जरा हिशोब करायला हवा. कपॅसिटर आणि पुढचा रेझिस्टन्स मिळून खालचे सूर कुठे कापले जाणार ते ठरतं. अँपचे आतले अंदाजे १२० ओहम आणि हेडफोनचे ३०० मिळून ४२० धरले तर १०० मायक्रोफॅरडला ती रेघ चार हर्ट्झच्या जवळपास येते. माणसाला वीसच्या खाली ऐकू येत नाही. म्हणजे जुना कपॅसिटर ठणठणीत असेल तर काहीही कापत नव्हता आणि नवाही काही कापत नाही. तरीही बदलल्याच्या रात्री मला डग्गा जास्त मोकळा वाटला होता, हे लिहून ठेवतो, ज्याने त्याने काय तो अर्थ काढावा. आवाजाची बारीक आठवण कानात काही सेकंदच टिकते आणि कपॅसिटर बदलायला जातो अर्धा दिवस, त्यात एक तास तर वरचं व्होल्टेज उतरलंय का हे मीटर लावून पुन्हा पुन्हा बघण्यात (उतरलंय असं गृहीत कधीच धरू नका, प्लग काढल्यावरही आत दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट बसून राहू शकतात, आणि एक हात खिशात ठेवायचा ही जुन्या रेडिओवाल्यांची शिस्त उगाच नाही). मग आधी कसं वाजत होतं ते आठवणार कुठून?

ज्या बदलांचा फरक खरंच पडतो त्यांच्याबद्दल कुणी इतकं भरभरून बोलत नाही हे एक गंमतशीर आहे. उदाहरणार्थ पॉट. स्वस्त पॉटमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन पट्टे अगदी खालच्या टोकाला एकसारखे नसतात, त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकायचं म्हटलं की गायक डाव्या कानाकडे सरकून बसतो. तिथे आल्प्सचा निळा २७ मिलिमीटरवाला किंवा रेझिस्टरच्या पायऱ्यांचा अटेन्युएटर लावला की गायक मधोमध येतो. याला कान लागत नाहीत, शेजाऱ्यालासुद्धा कळेल. पॉवर सप्लायमधल्या रेझिस्टरच्या जागी चोक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तारेची कॉइल, लावला की आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेतून येणारी शंभर हर्ट्झची घरघर कमी होते, हेही तसंच. पण पॉटवर आणि चोकवर कविता होत नाही.

आणि मग स्पीडबॉल. क्रॅकवाल्यांमध्ये हा अपग्रेड म्हणजे मुंजीसारखा, कधी ना कधी करायचाच. नळीला जो करंट मिळतो तो साध्या रेझिस्टरमधून न देता एका छोट्या सर्किटमधून द्यायचा, जे काहीही झालं तरी करंट हलू देत नाही. मग नळीवरचा भार हलका होतो, डिस्टॉर्शन घटतं, पॉवर सप्लायची खरखर गाण्यात कमी उतरते. ऐकल्यावर फरक कळतो, हे मी छातीठोक सांगतो, तबल्याची चाट जास्त स्वच्छ तुटते, गर्दीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. फक्त एकच गोष्ट, हे सर्किट ट्रान्झिस्टरचं आहे. म्हणजे ट्रान्झिस्टर नको म्हणून इतका खटाटोप करून नळ्यांचा अँप बांधायचा आणि तो अजून छान व्हावा म्हणून त्यात ट्रान्झिस्टर घालायचे. बुधवार पेठेतले एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "अरे आम्ही पार्ट जळला की बदलायचो. तुमचं न जळताच चाललंय."

हसून झालं, पण मी तेव्हापासून या गोष्टीवर विचार करतोय. नळीच्या आवाजाला आपण जे ऊबदार म्हणतो ते नेमकं काय आहे? एक भाग असा की या पद्धतीच्या सर्किटमध्ये जे डिस्टॉर्शन होतं ते मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचं. दुप्पट कंपनं म्हणजे सप्तक. गायकाने मध्य षड्ज लावला की अँप त्याच्यामागे अगदी बारीक, न सांगता, तार षड्ज धरतो. ज्या कानांनी लहानपणापासून तंबोऱ्याची जवारी ऐकलीय, एका तारेतून निघणारे वरचे वरचे सूर ऐकलेत, त्यांना ही भेसळ गोड नाही लागली तरच नवल. दुसरा भाग, अँपचे ते आतले १२० ओहम. हेडफोन नावाला ३०० ओहमचा, पण सेनहायझर एचडी ६०० किंवा ६५० सारख्यांचा शंभर हर्ट्झच्या आसपास तो आकडा पाचशेच्या वर चढतो. आतला रेझिस्टन्स जास्त असलेल्या अँपवर त्यामुळे तेवढाच पट्टा एखाद डेसिबलने उचलला जातो. डग्गा नेमका तिथेच बोलतो. म्हणजे जी ऊब ऊब म्हणून आपण वाखाणतो ती बरीचशी एका डेसिबलची आणि एका तार षड्जाची कमाई आहे, आणि इंजिनियरच्या वहीत या दोन्हीची नोंद दोष म्हणून आहे.

आता बघा हं, प्रत्येक अपग्रेड काय करतो? हा दोष कमी करतो. स्पीडबॉलने तार षड्ज आणखी बारीक केला. पुढे कुणी आतला रेझिस्टन्स कमी करायची युक्ती करेल, डग्ग्याचा तो एक डेसिबल जाईल. असं सुधारत सुधारत शेवटपर्यंत गेलं तर हातात जे उरेल ते हजार-दोन हजार रुपयांच्या चांगल्या यूएसबी डाँगलइतकंच स्वच्छ वाजेल, वर दोन नळ्या दिव्यासारख्या पेटलेल्या. डाँगल खरंच स्वच्छ वाजतात, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण मग मी माझी मर्यादा ठरवली. पॉट, चोक, स्पीडबॉल, इथपर्यंत. घरघर जावी, गायक मधोमध बसावा, आणि दोन नळ्यांनी सुरात जी काय लबाडी करायची ती करावी. आतले ते १२० ओहम मी काढणार नाही. कुणी म्हणेल ही तत्त्वनिष्ठा अर्धवट आहे, पंपाचे कपॅसिटर लावून वर हे काय सांगतोस, तर हो, आहे अर्धवट. डग्गा मला तसाच आवडतो.

शिवाय या सगळ्याला ऋतू आहे, हे परदेशातल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. एकट्या ६०८० च्या हीटरला ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ सोळा वॅट, नुसती लाल व्हायला. कानाला लागते एका मिलिवॅटहून कमी ताकद. बाकीची सगळी खोलीत. पुण्यात एप्रिल-मे मध्ये रात्री दहा वाजता भिंतीसुद्धा तापलेल्या असताना हा अँप शेजारी घेऊन बसणं शक्य नाही, आणि पंखा पाचवर ठेवावा तर ओपन बॅक, म्हणजे मागून उघड्या, हेडफोनमधून पंखाच जास्त ऐकू येतो. जूनमध्ये पाऊस लागला की पत्र्यावर तडतड, तीही ओपन बॅकमधून आत. तेव्हा ऐकायचे महिने म्हणजे नवरात्रापासून होळीपर्यंत, आणि उलटा करून, सोल्डरॉनचं पंचवीस वॅटचं आयर्न तापवून बसायचे महिने ते उरलेले. या उन्हाळ्यात इनपुटच्या तारा बदलायच्या म्हणतोय. त्याने काही फरक पडणार नाही हे माहितीये, पण जुन्या तारांचा रंग मला पहिल्यापासून आवडलेला नाही.