सुटका बोटीचा तिसरा सांगाडा

तलावात बंद पडलेली रिमोटची छोटी बोट काठावर परत आणण्यासाठी मी रिमोटवरच चालणारी एक सुटका बोट बनवतो आहे. मागच्या नोंदीत तिचा दुसरा सांगाडा पूर्ण झाल्याचे लिहिले होते. त्यानंतर नागपूरच्या अंबाझरी तलावावर त्याची खरी परीक्षा झाली आणि तो तिला उतरला नाही.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मित्राची ६५ सेंटिमीटर लांबीची ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरची बोट वेगात वळताना उलटली. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातात; त्यामुळे अँटेना बुडताच रिसीव्हरचा संपर्क तुटला, फेलसेफने (संपर्क तुटल्यावरच्या सुरक्षा सोयीने) मोटर बंद केली आणि बोट जागेवरच उताणी तरंगत राहिली. वारा पश्चिमेचा असता तर थोडी वाट पाहिल्यावर ती आपसूक बांधाला लागली असती. त्या दिवशी मात्र तो ईशान्येचा होता, आणि बोट बांधापासून दूर सरकत जलपर्णीच्या कडेला जाऊन टेकली.

मी सुटका बोट सोडली. तिच्या पुढच्या दोन सरळ दांड्यांमध्ये अडकलेली बोट व्यवस्थित आली. पण पुढे ढकलावे तर ती जलपर्णीत आणखी खोल रुतणार, आणि मागे यावे तर ती दांड्यांमधून अलगद निसटणार. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी जलपर्णीची मुळे सुटका बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंडाळली गेली आणि एकीच्या दोन बोटी अडकल्या. अखेर मासेमारी करणाऱ्या एका काकांनी डोंगा घालून दोन्ही आणून दिल्या. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. अशा वेळी स्वतः पाण्यात उतरण्याचा विचार कोणीही करू नये. जलपर्णीखाली गाळ किती आणि पाणी किती, हे काठावरून कळत नाही.

चूक माझ्या चाचणीत होती. मी मोकळ्या पाण्यात सराव करत होतो आणि तिथे ढकलणे पुरते. प्रत्यक्षात बंद पडलेली बोट वाऱ्याने वाहत कशाला तरी जाऊन टेकते, म्हणून तिला तिथून मागे काढता आलेच पाहिजे.

त्यामुळे तिसऱ्या सांगाड्यात दांड्या बाहेरच्या बाजूला पसरट ठेवल्या असून त्यांच्या टोकांना आत उघडणाऱ्या दोन झडपा लावल्या आहेत. झडपा म्हणजे जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हरमधून कापलेल्या १२ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या. बिजागरीच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे आहेत. बोट आत शिरताना पट्ट्या वाकतात, ती पूर्ण आत गेली की ट्यूबच्या ताणाने टप्पकन मिटतात, आणि बाहेरच्या बाजूला छोटा अडसर असल्याने उलट्या उघडत नाहीत. पंख्याच्या पात्यांचा बाक पुढे जाण्यासाठी असल्यामुळे रिव्हर्समध्ये जोर कमी पडतो; म्हणून ५५० आकाराच्या दोन मोटरी बसवल्या असून वळणेही त्यांच्या वेगातील फरकावरच घेतो. सुकाणू काढून टाकले आहे.

सुटका बोटच अडकली तर तिला ओढून घेता यावे म्हणून इतवारीतून आणलेली ६० मीटर पॉलिप्रॉपिलीनची बारीक दोरी तिला बांधली आहे. ही दोरी पाण्यावर तरंगते. नायलॉनची दोरी किंवा तंगूस बुडतो आणि तळाशी कशात तरी गुंततो, हे मी दोनदा अनुभवले आहे. दोरी थेट मागच्या फळीला न बांधता पंख्यांच्या २५ सेंटिमीटर मागे काढलेल्या दांडीला बांधली, म्हणजे रिव्हर्स घेताना ती पंख्यात येत नाही. मात्र काठावर एकाने ती सतत गोळा करत राहावे लागते. हे काम एकट्याचे नाही.

गेल्या रविवारी १.८ किलोची बोट मुद्दाम उलटी सोडून नऊ वेळा प्रयत्न केला. सात वेळा ती रिव्हर्समध्ये काठापर्यंत आली. उरलेल्या दोन्ही वेळा बोटीचे निमुळते नाक बाहेरच्या बाजूला होते आणि ते दोन झडपांमधल्या फटीतून सरकले. आता पट्ट्या प्रत्येकी ३ सेंटिमीटरने वाढवून त्या मिटल्यावर एकमेकींवर येतील असे करतो आहे. पुढची चाचणी जलपर्णीच्या कडेलाच घेणार आहे.