डावीकडचा बफ

गेल्या पावसाळ्यात डेअरीच्या टाक्यांची 42 झाकणं आमच्याकडे परत आली. आमचं भोसरीत पॉलिशिंगचं जॉबवर्क आहे. माल 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, फिनिश आरशासारखं. प्रत्येक झाकणावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके. पत्र्यात भेसळ असेल म्हणून मशीनवर तपासून घेतला, तर 304च निघाला. मग मालकांनी विचारलं, "पॉलिश कुणी केलं?"

मामांनी केलं होतं. मामा बावीस वर्षं बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, उभे आहेत. 10 इंची चाक 2800 आरपीएमवर फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी 130 किलोमीटरच्या वर जातो. चाकाचा वरचा भाग माणसाच्या अंगावर येत खाली जातो, म्हणून जॉब, म्हणजे घासायची वस्तू, नेहमी मध्याच्या खाली धरायचा. काठ चाकाच्या तोंडावर गेला की चाक झाकण हिसकावून घेतं आणि फेकतं. मामा काठाकडे येताना मनगट अशा बेताने वळवतात की चाक काठावरून बाहेर निसटतं, आत घुसत नाही. स्टेनलेसमध्ये उष्णता लवकर पसरत नाही, एका जागी क्षणभर जास्त थांबलं की निळसर डाग पडतो. मामांच्या हातून असा डाग पडलेला मी पाहिलेला नाही. आधी सायझलच्या, म्हणजे राठ वनस्पती-धाग्याच्या, चाकाने कट, मग सुट्या कॉटनच्या चाकावर हिरवा बार, म्हणजे पॉलिशची वडी, अगदी हलका टेकवून चमक. नवी मुलं बार दाबून धरतात आणि मग काळे ओघळ पुसत बसतात. त्यांना शिकवायला कुणाला वेळ नाही, आणि परचेसवाला चार पैसे वाचवायला चिंध्यांचे बफ आणतो.

मालक म्हणाले, रिवर्कचा खर्च मामांच्या बिलातून कापा. मामा नगावर काम करतात. डेबिटची चिठ्ठी मी लिहिली. मामांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली.

चिठ्ठी लिहिल्यापासून एक गोष्ट मला आठवत होती. ती झाकणं काढायच्या दिवशी सकाळी मामा म्हणाले होते, "साहेब, डावीकडचा बफ आज वेगळा लागतोय. कुणी हात लावलाय का?" मी म्हणालो होतो, आज डिस्पॅच आहे, चालवा.

दोन दिवसांनी त्याच डावीकडच्या सायझलच्या चाकाचे दोन धागे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवले. लोहचुंबकावर माझा भरवसा नव्हता, कारण घासून निघालेली 304ची धूळही थोडीफार चिकटते. सकाळी फडक्यावर गंजाच्या रेघा होत्या. त्या चाकावर साधं लोखंड घासलं गेलं होतं. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतले आणि दमट हवेत गंजले. क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ थर स्टेनलेसला जपतो, तो अशा कणाखाली तुटलेला असतो.

रात्रपाळीचं रजिस्टर उघडलं. झाकणं काढायच्या आदल्या रात्री क्रोम प्लेटिंगला जायचे एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे, ब्रॅकेट अर्जंट आले होते. त्यांचं चाक संपलं होतं. मुलाने फोन केला, मी घरी जेवत होतो. म्हणालो, "जे चाक असेल त्यावर काढ." मामांनी त्या चाकाच्या बाजूला हिरव्या रंगाचा ठिपका देऊन ठेवलेला होता. ठिपका म्हणजे हे चाक फक्त स्टेनलेससाठी, हे त्या मुलाला मी कधी सांगितलंच नव्हतं.

मालकांना सगळं सांगितलं. पैसे मामांना परत मिळाले. झाकणं पुन्हा नुसती घासली असती तर कण आणखी आत गेले असते, म्हणून आधी कोमट सायट्रिक अ‍ॅसिडमधून काढली, स्वच्छ धुतली आणि मग नव्या चाकावर घेतली. तीही मामांनीच केली. मी माफी मागितली तेव्हा ते जॉबवरची नजर न काढता म्हणाले, "चिठ्ठी लिहायच्या आधी एकदा विचारायचं होतं, साहेब."

आता पाळी संपली की मामा नट सोडून आपला बफ काढतात, लॉकरमध्ये ठेवतात आणि कुलूप लावतात. किल्ली त्यांच्याकडेच असते. ती मी अजून मागितलेली नाही.