शिक्का आहे, मग नकली कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "मागे मुकुटाचा शिक्का आहे, 'इंग्लंड' लिहिलंय, मग ही निळ्या नक्षीची बशी जुनी नाही असं कसं म्हणता?" मंगळवार बाजारात, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला गाठतोच. अहो, शिक्का मी शेवटी बघतो. त्यावरचं साल बहुतेकदा कारखाना निघाल्याचं असतं. 'इंग्लंड' हा शब्दसुद्धा अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर सर्रास दिसू लागला.

शेजारच्या काकू मोठी थाळी चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. "ह्यांनी घेतलेली. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातली, १८३० ची." शिक्क्यात तेच साल, खाली 'मेड इन इंग्लंड'. मी काठावरच्या वेलीवरून बोट फिरवत गेलो. पूर्वी तांब्याच्या पत्र्यावरची नक्षी पातळ कागदावर छापून, तो कागद भांड्यावर दाबून नक्षी उतरवायचे. कागद सपाट, काठ गोल. पट्टी कुठंतरी कापून जोडावीच लागायची. तिथं पान अर्ध्यात तुटतं, फूल फुलावर चढतं. इथं वेल कुठंच तुटली नव्हती. भिंगाखाली ठिपके आखीव रांगेत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. जुन्या कामातही ठिपके असतात, पण हातानं ठोकलेले, लहानमोठे. बुडाच्या कडेला घासल्याची खूण नाही.

"काकू, ही अलीकडची आहे."

"म्हणजे हे खोटं बोलले?"

विकणाऱ्यानं त्यांनाच फसवलं असेल, असं मी म्हणालो. चादरीची गाठ काकूंना बसेना. त्या संक्रांतीला त्या तिळगूळ द्यायला आल्या नाहीत, आणि मीही गेलो नाही.

त्यांना कुठं विकायची होती, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, असं घरचे म्हणतात. पूर्वी मी ताडकन उत्तर द्यायचो: वय विचारलं की वयच सांगायचं. आजही तेच करतो. खोटं सांगून मी त्यांच्या डोळ्याला डोळा कसा दिला असता? तरी काकू त्या दिवशी वयच विचारायला आल्या होत्या, हे छातीठोकपणे म्हणवत नाही.

आणि जोड दिसला म्हणून लगेच हुरळू नका. इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या शहरात बर्ली कारखान्याचे कारागीर आजही कागदानंच छापतात. त्यामुळं फोटो पाठवून 'हो की नाही' विचारू नका. बशी हातात द्या, उजेडात फिरवू द्या, बूड चाचपू द्या. घरातली, कुणाची आठवण असलेली असेल, तर आधी उत्तर हवंय का ते ठरवून या.