डोंगर नसलेला किल्ला

मी या शाळेत सातवीला आलो तो जून 1980 मध्ये. पहिल्या दिवशी प्रार्थनेला सगळी पोरं आपली उभी, आणि मी टाचा जुळवून, मुठी आवळून ताठ. मागनं कुणीतरी म्हणालं, "आयला, फौजी आला!" ते नाव दहावीपर्यंत चिकटलं.

दादा, म्हणजे माझे वडील, लष्करात हवालदार. त्याआधीची तीन वर्षं आम्ही पंजाबात, फिरोजपूर छावणीत होतो. मुंबईहून सुटणारी पंजाब मेल तिथंच जाऊन संपते. कल्याणला चढायचं, नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका बाकाखाली सारायच्या, की दोन रात्रींची निश्चिंती.

छावणीजवळ इंग्रजांच्या काळचा षटकोनी किल्ला आहे. आम्हा पोरांना आत मज्जाव. मी आजीला लिहिलं, 'इथं किल्ला आहे पण डोंगर नाही.' अजिंक्यतारा पाहिलेल्या म्हातारीला ते काही पटलं नाही.

पहाटे बिगूल वाजला की आई स्टोव्ह पेटवायची. शाळेला न्यायला शक्तिमान ट्रक यायचा. जवान एकेकाला बखोटीला धरून वर ओढून घ्यायचा. जानेवारीत धुकं असं, की समोरची गाडी दिसायची नाही, नुसता भोंगा ऐकू यायचा. रेंजवरचा गोळीबार थांबला की आम्ही मातीत शिशाचे तुकडे हुडकायचो. दादांना कळलं त्या दिवशी कमरेचा पट्टा निघाला. मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवत. उशिरा येणाऱ्याला पडद्यामागं बसावं लागे, तिथनं हिरो डावखुरा दिसायचा. खेळताना पंजाबी, वर्गात हिंदी, घरात सातारी. आणि जरा कुणाशी गट्टी जमली, की त्याच्या बापाची बदली ठरलेली!

दहा-बारा किलोमीटरवर सतलजच्या काठी हुसैनीवाला. पलीकडं पाकिस्तान. पुलाजवळच्या बुरुजावर लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा होत्या, त्या आम्ही बोटं घालून मोजायचो. 23 मार्चला तिथं मेळा भरे. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांचे देह 1931 मध्ये इंग्रजांनी रातोरात तिथंच जाळले. गर्दीत दादा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ह्यातला एक आपल्या खेडचा." दादा सहसा एवढं बोलत नसत.

इथं आल्यावर इतिहासाच्या तासाला गुरुजींनी सहज विचारलं, "राजगुरूंची समाधी कोणी पाहिलीय?" हात एकट्याचाच वर. माझं मराठी तेव्हा निम्मं हिंदी, म्हणून उभं राहायची लाज वाटत होती. गुरुजींनी पुढं बोलावलं, खडू हातात दिला आणि फळ्यावर नकाशा काढायला लावला. मी सतलज काढली, पूल काढला, किल्ला काढला.

गुरुजी म्हणाले, "तिथली माती कसली रे?"

"भुरी, गुरुजी. रेतीसारखी. हातात धरली तर राहत नाही."

पोरं हसली नाहीत.